पंचवीस वर्षं नवं पुस्तक नाही, घरात फोन नाही, तरी अरुण कोलटकर जगभर कसे पोचले?

मुंबईत काळा घोडा म्हटलं की आज डोळ्यांसमोर काय येतं? जहांगीर आर्ट गॅलरी, फेब्रुवारीतला फेस्टिव्हल आणि रील काढायला आलेली गर्दी. पण याच चौकात एकेकाळी 'वेसाइड इन' नावाचं एक साधं रेस्टॉरंट होतं. लाकडी खुर्च्या, चौकटीचे टेबलक्लॉथ आणि रस्त्याकडे उघडणारी खिडकी. डॉ. बाबासाहेब आंबेडकर इथे येऊन लिहीत बसायचे, असं जुने मुंबईकर सांगतात.

या वेसाइड इनमध्ये दर गुरुवारी दुपारी एक माणूस यायचा. केस लांब, मिशा झुपकेदार, बोलणं कमी. मित्र जमायचे, चहा-कॉफी व्हायची, गप्पा चालायच्या. तो माणूस मात्र गप्पा ऐकता ऐकता खिडकीबाहेर बघत राहायचा. बाहेर ट्रॅफिक आयलंडवर झोपलेलं कुत्रं, कचरा गोळा करणाऱ्या बायका, इडली विकणारी बाई, भीक मागणारे लोक. वर्षानुवर्षं हे असंच चालू होतं.

तो माणूस म्हणजे अरुण कोलटकर. मराठी आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत पहिल्या रांगेत बसेल असा कवी. दोन भाषांत एवढ्या ताकदीनं कविता लिहिणारे कवी भारतात फार थोडे झाले. आणि तरीही बऱ्याच मराठी घरांत त्यांचं नाव फक्त एका पुस्तकापुरतं माहीत असतं, ते म्हणजे 'जेजुरी'.

कोलटकरांची गोष्ट नीट समजून घ्यायची तर आधी थोडं अमेरिकेत जाऊन यावं लागतं.

न्यूयॉर्कमध्ये तेव्हा काय चाललं होतं?

दुसरं महायुद्ध संपलं आणि १९५० च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये तरुण कवींचं एक टोळकं जमलं. फ्रँक ओहारा, जॉन अ‍ॅशबेरी, केनेथ कॉक, जेम्स स्कायलर ही त्यातली मुख्य नावं. पुढे या मंडळींना 'न्यूयॉर्क स्कूल' म्हणायला लागले. नाव शाळेसारखं असलं तरी शाळा वगैरे काही नव्हती. हे सगळे चित्रकारांचे दोस्त. ओहारा तर तिथल्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये नोकरीला होता. कारकुनी कामापासून सुरुवात करून तो क्युरेटर झाला. दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत रस्त्यावर चक्कर मारायची, दिसेल ते कवितेत आणायचं, हा त्याचा खाक्या. १९६४ साली आलेल्या त्याच्या पुस्तकाचं नावच 'लंच पोएम्स' आहे.

त्याच काळात अमेरिकेत दुसरं एक टोळकं होतं, 'बीट' कवींचं. अ‍ॅलन गिन्सबर्ग हा त्यांचा मोठा आवाज. १९५६ मध्ये त्याचं 'हाउल' आलं, त्यावर अश्लीलतेचा खटला झाला आणि १९५७ मध्ये कोर्टानं पुस्तकाच्या बाजूनं निकाल दिला.

दोन्ही टोळक्यांचे स्वभाव वेगळे होते, पण एक गोष्ट सारखी होती. कविता म्हणजे फुलं, चंद्र आणि सुंदर शब्द एवढंच नाही, हे दोघांनाही पटलेलं होतं. शहर, फुटपाथ, जाहिराती, सिनेमा, बोलीभाषा, शिव्या हे सगळं कवितेत चालतं, असं ते लिहून दाखवत होते.

मराठीत ही हवा अगदीच नवी नव्हती. रत्नागिरीजवळच्या मालगुंडमध्ये जन्मलेल्या केशवसुतांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी मराठी कवितेला नवं वळण दिलं होतं. बा. सी. मर्ढेकरांचा 'काही कविता' हा संग्रह १९४७ मध्ये आला आणि यंत्रयुगातली मुंबई मराठी कवितेत शिरली. मर्ढेकरांवरही अश्लीलतेचा खटला झाला आणि तेही त्यातून निर्दोष सुटले. कोलटकरांची पिढी मोठी झाली ती या मर्ढेकरांच्या सावलीत.

कोल्हापूर ते जे. जे.

अरुण बाळकृष्ण कोलटकर यांचा जन्म १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला कोल्हापुरात झाला. वडील शिक्षण खात्यात अधिकारी. घर एकत्र कुटुंबाचं, माणसांनी भरलेलं. शाळा राजाराम हायस्कूल, शिक्षण मराठी माध्यमातून. म्हणजे पुढे इंग्रजी कवितेसाठी जगभर गाजलेला हा माणूस कॉन्व्हेंटमधला नव्हता, हे लक्षात ठेवायला हवं.

१९४९ मध्ये ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. व्हायचं होतं चित्रकार. पण शिक्षण मध्येच सुटलं आणि डिप्लोमा हातात यायला १९५७ उजाडलं. मधली वर्षं ओढाताणीची गेली. १९५३ मध्ये त्यांनी दर्शन छाबडा यांच्याशी लग्न केलं. दर्शन म्हणजे चित्रकार बाळ छाबडा यांची बहीण. लग्नाला दोन्ही घरांचा विरोध होता. मुलगा चित्रं काढतो, पण त्याचं एकही चित्र विकलं गेलेलं नाही, मग संसार कशावर चालणार, हा प्रश्न घरच्यांना पडणं साहजिक होतं.

मुंबईत राहायला धड जागा नाही, हातात पैसे नाहीत, अशी ही वर्षं. या काळात त्यांनी पश्चिम महाराष्ट्रात पायी भटकंतीही केली. भुकेचा आणि रस्त्याचा हा अनुभव पुढे त्यांच्या कवितेत आला, पण रडगाणं होऊन नाही. स्वतःच्या हालांकडेही हसत बघणारा कवी तिथे भेटतो.

पोट भरायला त्यांनी जाहिरातीचं क्षेत्र पकडलं आणि तिथे ते चक्क स्टार झाले. ग्राफिक डिझायनर आणि आर्ट डायरेक्टर म्हणून त्यांचं नाव एवढं झालं की जाहिरात क्षेत्रातल्या मानाच्या कॅग पुरस्कारांवर त्यांनी सहा वेळा नाव कोरलं. 'कॅग हॉल ऑफ फेम'मध्येही त्यांना जागा मिळाली. कवी म्हणजे व्यवहारात कच्चा, हा समज इथे सपशेल खोटा ठरतो.

ओहारा म्युझियममधली नोकरी सांभाळून लिहायचा, कोलटकर जाहिरात एजन्सीतली नोकरी सांभाळून लिहायचे. दोघांचा दिवस चित्रांमध्ये जायचा. दोघांच्याही कवितेत नजर आधी येते आणि विचार नंतर, त्याचं एक कारण हे असावं.

सायक्लोस्टाइलवर छापलेली बंडखोरी

१९५४-५५ च्या सुमारास मुंबईत एक विचित्र मासिक निघालं, 'शब्द'. विचित्र अशासाठी की ते छापखान्यात छापलेलं नव्हतं. स्टेन्सिल कापायचं, सायक्लोस्टाइल मशीनवर प्रती काढायच्या आणि ओळखीच्या लोकांत वाटायच्या. यामागे होते दिलीप चित्रे, अरुण कोलटकर, रमेश समर्थ, बंडू वझे ही पोरं. चित्रे तर तेव्हा जेमतेम सोळा-सतरा वर्षांचे होते.

मोठी मासिकं आपल्या कविता छापणार नाहीत, मग आपलंच काढू, इतका सरळ हिशेब. आज कुणी स्वतःचं पेज काढून लिहितं, तसंच हे. फक्त फॉलोअर मोजायची सोय नव्हती आणि शाईनं हात काळे व्हायचे.

या 'शब्द'नं मराठीत एक रस्ता उघडला. १९६३ मध्ये अशोक शहाणेंनी 'असो' काढलं. पुढे भालचंद्र नेमाडे, राजा ढाले आणि इतर अनेकांनी आपापली छोटी नियतकालिकं काढली. यालाच आपण लघुअनियतकालिकांची चळवळ म्हणतो. अनियतकालिक म्हणजे पुढचा अंक कधी येईल याचा नेम नाही. याच वातावरणात पुढे नामदेव ढसाळ आले. १९७२ मध्ये ढसाळ, राजा ढाले आणि ज. वि. पवार यांनी दलित पँथर उभी केली आणि ढसाळांच्या 'गोलपिठा'नं मराठी कवितेचा नकाशाच बदलला.

गंमत म्हणजे याच काळात अमेरिकेचं ते वारं प्रत्यक्ष मुंबईत पोचलं. १९६२ मध्ये अ‍ॅलन गिन्सबर्ग भारतात आला. मुंबई, कोलकाता, बनारस असा तो महिनोन्महिने फिरला आणि ठिकठिकाणच्या तरुण कवींमध्ये मिसळला.

पण इथे एक गैरसमज टाळायला हवा. कोलटकरांनी अमेरिकन कवींची नक्कल केली, असं म्हणणं चूक आहे. ते अमेरिकन कविता वाचत होते, ब्लूज ऐकत होते आणि त्याच वेळी तुकाराम आणि जनाबाईंचा इंग्रजी अनुवादही करत होते. त्यांना दोन्हीकडे एकच गोष्ट सापडत होती. साधा माणूस, साधी भाषा आणि थेट देवालाही सुनावणारा सूर.

याचं सगळ्यात भारी उदाहरण म्हणजे त्यांची १९६० च्या आसपासची 'थ्री कप्स ऑफ टी' ही कविता. मूळ कविता शुद्ध मराठीत नाही आणि शुद्ध हिंदीतही नाही. ती आहे आपल्या बंबईया हिंदीत, टपरीवर ऐकू येते तशी. पगार मागणारा माणूस आणि त्याला नियम सांगणारा मॅनेजर, असा सगळा मामला. मग कोलटकरांनीच ती इंग्रजीत नेली. पण साहेबाच्या इंग्रजीत नाही, अमेरिकन सिनेमातले टपोरी बोलतात तसल्या इंग्रजीत. मुंबईच्या गल्लीला अमेरिकेची गल्ली भेटली आणि दोघींना एकमेकींची भाषा लगेच कळली.

जेजुरीची हरवलेली वही

१९६३ च्या सुमारास कोलटकर जेजुरीला गेले. सोबत भाऊ मकरंद आणि कवी-कादंबरीकार मनोहर ओक. महाराष्ट्रातल्या देवस्थानांबद्दलच्या एका पुस्तकात जेजुरीचं वर्णन वाचलं होतं, म्हणून बघायला निघाले. नवस नव्हता, कुलाचारही नव्हता.

त्या भेटीतून इंग्रजी कविता तयार झाली. एका छोट्या नियतकालिकात त्यातली एक कविता छापली गेली. पण पुढे हस्तलिखित हरवलं. प्रत गेली, मासिकाचा अंकही हाताला लागेना.

दुसरा कुणी असता तर डोक्याला हात लावून बसला असता. कोलटकरांनी अनेक वर्षांनी, १९७० च्या दशकात, सगळं पुन्हा लिहून काढलं. १९७४ मध्ये ती एका इंग्रजी त्रैमासिकात आली आणि १९७६ मध्ये पुस्तक झालं. प्रकाशक 'क्लिअरिंग हाउस'. हेही कवींनीच उभं केलेलं प्रकाशन होतं. आदिल जस्सावाला, गीव्ह पटेल, अरविंद कृष्ण मेहरोत्रा आणि खुद्द कोलटकर त्यात होते. पुस्तकांची मुखपृष्ठं करायला घरचाच आर्ट डायरेक्टर होता.

'जेजुरी'मध्ये एकूण ३१ कविता आहेत. सुरुवात एसटीच्या प्रवासानं आणि शेवट रेल्वे स्टेशनवर. मधे पडकी देवळं, पुजारी, पैशासाठी मागे लागणारी म्हातारी, दगड आणि देव. कोणता दगड देव आणि कोणता नुसताच दगड, हे ठरवणं कठीण जावं असं ते गाव. कोलटकर तिथे हात जोडत नाहीत आणि टवाळीही करत नाहीत. ते फक्त टक लावून बघतात.

१९७७ मध्ये 'जेजुरी'ला कॉमनवेल्थ पोएट्री प्राइझ मिळालं. कोल्हापूरच्या मराठी शाळेतला मुलगा जगाच्या इंग्रजी कवितेत मानानं जाऊन बसला. पुढे हे पुस्तक देशातल्या अनेक विद्यापीठांच्या अभ्यासक्रमात आलं.

अर्थात टीकाही झाली, आणि ती घरातूनच झाली. भालचंद्र नेमाडेंचा आक्षेप होता की कोलटकर जेजुरीला सुट्टीवर आलेल्या पर्यटकासारखे जातात, तिथल्या श्रद्धेशी त्यांचं काही नातं जुळत नाही आणि याचं मूळ इंग्रजीत लिहिण्यातच आहे. हा वाद साधा नव्हता. आपल्या मातीतला खंडोबा परक्या भाषेत कसा सांगायचा आणि सांगायचा तरी का, असा तो प्रश्न होता.

कोलटकरांनी यावर लेख लिहून भांडण केलं नाही. मुलाखती देण्यात त्यांना रस नव्हता. पण दोन गोष्टी बघायला हव्यात. एक म्हणजे १९७७ मध्येच 'अरुण कोलटकरच्या कविता' हा त्यांचा मराठी संग्रह प्रास प्रकाशनानं काढला. त्यातली मराठी इतकी मोडलेली, वाकवलेली आणि ताजी आहे की हा कवी मराठीपासून तुटलाय, असं म्हणणाऱ्याला ते पुस्तक पुन्हा वाचावं लागतं. दुसरं म्हणजे त्यांनी 'जेजुरी' मराठीतही वेगळी लिहिली. ती त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाली.

आणि मग पंचवीस वर्षं शांतता

आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाला, नाव झालं. आता कुणीही दर दोन वर्षांनी एक पुस्तक काढलं असतं. कोलटकरांनी काय केलं? त्यानंतर सुमारे पंचवीस वर्षं नवा संग्रहच आणला नाही.

ते लिहीत नव्हते, असं नाही. ते सतत लिहीत होते, खोडत होते, बाजूला ठेवत होते. प्रभादेवीत ते पत्नी सुनू यांच्यासोबत छोट्याशा खोलीत राहायचे. घरात फोन नव्हता आणि पुढेही घेतला नाही. भेटायचं असेल तर गुरुवारी वेसाइड इनमध्ये यायचं, एवढाच पत्ता. वेसाइड इन बंद पडल्यावर बैठक फोर्टातल्या मिलिटरी कॅफेत गेली, पण गुरुवार सुटला नाही.

या वर्षांत ते संगीतातही रमले. अर्जुन शेजवळ यांच्याकडे पखवाज शिकले. त्याआधी १९७३ च्या सुमारास इंग्रजी गाणी लिहून ती रेकॉर्डही करून बघितली होती. बळवंतबुवा नावाच्या भजनी माणसाच्या ते नादी लागले आणि त्याच्या आठवणींनी वह्याच्या वह्या भरल्या. त्यातूनच पुढे 'चिरीमिरी'मधल्या कविता आल्या.

आणि खिडकीबाहेरचा तो चौक होताच. काळा घोडा म्हणजे राजा सातव्या एडवर्डचा घोड्यावरचा पुतळा. तो १९६५ मध्येच तिथून हलवून भायखळ्याच्या राणीच्या बागेत नेला होता. घोडा गेला, नाव राहिलं. कोलटकर त्या बिनघोड्याच्या चौकाकडे बघत होते. राजाच्या जागी त्यांना दिसत होती कचरा वेचणारी बाई, इडलीवाली, कुष्ठरोग्यांचा बँड आणि ट्रॅफिक आयलंडवर पसरलेलं बेवारस कुत्रं. या सगळ्यांना त्यांनी एकेक करून कवितेत बसवलं.

वेळ कमी उरला तेव्हा

मग आजार आला, पोटाचा कॅन्सर. वह्यांमध्ये आयुष्यभराचं काम पडून होतं आणि हातात वर्षं उरली नव्हती. एका हस्तलिखिताचं काय झालं होतं, हे कोलटकरांना चांगलंच आठवत असणार.

इथे मित्र धावून आले. ज्या अशोक शहाणेंनी चाळीस वर्षांपूर्वी 'असो' काढलं होतं, त्यांच्या प्रास प्रकाशनानं एकामागून एक पुस्तकं काढली. २००३-०४ या काळात 'चिरीमिरी', 'भिजकी वही' आणि 'द्रोण' ही मराठी पुस्तकं आली. जुलै २००४ मध्ये 'काळा घोडा पोएम्स' आणि 'सर्पसत्र' ही दोन इंग्रजी पुस्तकं मुंबईत प्रकाशित झाली. पंचवीस वर्षांत एक नाही आणि वर्ष-दीड वर्षात पाच.

यातली 'भिजकी वही' वेगळ्याच उंचीची आहे. जाडजूड पुस्तक, आणि विषय एकच, बाईच्या डोळ्यातलं पाणी. इजिप्तची आयसिस, अलेक्झांड्रियाची विदुषी हायपेशिया, तमिळ कण्णगी, रशियन कवीची बायको नादेझ्दा, व्हिएतनाममध्ये नापामनं भाजलेली किम. हजारो वर्षांतल्या बायका इथे एका वहीत भेटतात. परक्या भाषेत रमलेला कवी, असा शिक्का ज्याच्यावर मारला गेला, त्यानं जगभरचं दुःख मराठीत आणून ठेवलं. तेही आयुष्याच्या शेवटी.

'सर्पसत्र'मध्ये ते महाभारतात जातात. जनमेजयानं बापाच्या मृत्यूचा सूड म्हणून सगळ्या सापांना यज्ञात जाळायचं ठरवलं, त्याची ही गोष्ट. एकाच्या गुन्ह्यासाठी अख्ख्या जातीला संपवायला निघालेली सत्ता कशी दिसते, हे ही कविता जळणाऱ्यांच्या बाजूनं सांगते.

शेवटच्या दिवसांत कोलटकर पुण्यात होते. अंथरुणाला खिळलेले असतानाही कामाची यादी चालू होती. कुठेकुठे विखुरलेल्या इंग्रजी कविता, अनुवाद, गाणी एकत्र कशी करायची, हे त्यांनी अरविंद कृष्ण मेहरोत्रांना सांगितलं. २५ सप्टेंबर २००४ रोजी त्यांचं निधन झालं.

मेहरोत्रांनी संपादित केलेलं ते पुस्तक २००९ मध्ये 'द बोटराइड अँड अदर पोएम्स' या नावानं आलं. 'भिजकी वही'ला २००५ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, पण घ्यायला कवी नव्हता. त्याच वर्षी अमेरिकेत 'जेजुरी'ची नवी आवृत्ती एका नामांकित क्लासिक्स मालिकेत निघाली. प्रकाशन न्यूयॉर्कचं, ज्या शहरात ओहारा जेवणाच्या सुट्टीत कविता गोळा करत फिरायचा.

कोलटकरांना पहिल्यांदा वाचायचं असेल तर सुरुवात 'जेजुरी'नं करता येते. इंग्रजी सोपं आहे, कविता छोट्या आहेत. मराठीतून सुरू करायचं असेल तर 'चिरीमिरी' घ्या, त्यात हसायला भरपूर येतं. 'भिजकी वही' मात्र घाईत वाचायचं पुस्तक नाही. दर गुरुवारी एक कविता, असा हिशेब ठेवला तरी चालेल.